पाचशे दिव्यांचे सामाईक खाते

नाताळच्या झाडावर विजेचे दिवे लागले ते १८८२ साली, न्यूयॉर्कमध्ये. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरातल्या झाडावर तांबडे, पांढरे, निळे असे ८० दिवे लावले. लोकांना मोठी अपूर्वाई वाटली.

२०२० च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये गणिती मॅट पार्कर यांनी आपल्या झाडावर ५०० दिवे गुंडाळले. यातल्या प्रत्येक दिव्यापाशी स्वतःची चिमुकली चिप असते. संगणक ओळीने ५०० निरोप तारेत सोडतो. पहिला दिवा आपल्यापुरता निरोप ठेवून घेतो आणि बाकीचे पुढे सरकवतो, पंगतीत ताट सरकवावे तसे. तीन रंग, प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या. म्हणजे एकेका दिव्याच्या वाट्याला १,६७,७७,२१६ छटा!

पण संगणकाला दिव्याचा नुसता क्रमांक ठाऊक, पत्ता नाही. माळ तर फांद्यांतून वेडीवाकडी गेलेली. म्हणून पार्करांनी एकेक दिवा लावून चहूबाजूंनी त्याची छायाचित्रे घेतली आणि सर्वांत उजळ ठिपका तोच दिवा, असे संगणकाला सांगितले. आता काही दिवे फांदीआड दडतात, काहींचे नुसते प्रतिबिंबच दिसते. मग पत्ते चुकतात. त्यावर तोड साधी. शेजारचे दोन दिवे तारेच्या लांबीपेक्षा दूर असूच शकत नाहीत. जो फार लांब उडी मारतो तो संशयित. त्याला दोन शेजाऱ्यांच्या मध्ये आणून बसवायचे. बँकेत रोजकीर्द जुळेना झाली की आम्हीही आधी असा विसंगत आकडाच हुडकत असू.

खरी गोष्ट पुढेच आहे. पार्करांनी दिव्यांचे पत्ते आणि आपला प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला. ते झाड ज्यांनी कधी डोळ्यांनी पाहिले नाही, त्यांनाही त्यावर नवी नक्षी रचता आली. अशा कामातल्या सुधारणा दिसायला किरकोळ असतात. काही माळांत तांबड्याआधी हिरवा मोजतात. तेवढी एक ओळ कुणी लिहून ठेवली की पुढच्याची संध्याकाळ वाचते. जे अंतर एकदाच मोजून भागते ते दर क्षणाला पुन्हा मोजू नये, हे कुणी दाखवून दिले की अडखळणारी लाट सुरळीत वाहू लागते.

बँकेत एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने ती तपासावी, असा नियम होता. पण खातेवही कुलपात असे. इथे वही चव्हाट्यावर आहे. कुणीही तपासावी, दुरुस्त करावी. मूळ कर्त्याचे नाव तेवढे पुसू नये. घरातल्या मुलांनी प्रोग्राम लिहायला शिकावे असे आपल्याला वाटते. त्याबरोबर, परक्याने काढलेली चूक हसतमुखाने स्वीकारायलाही ती शिकली, तर सोन्याहून पिवळे.