लेकराच्या मनात काय चाललंय?



"दोन वर्षांचा झाला, पण हाक मारली तर वळून पाहत नाही." एखादी माय असं सांगते, तेव्हा घरातून दोन उत्तरं येतात. एक, "त्याचा बापही उशिराच बोलला." दुसरं, "तुझंच लक्ष नाही लेकराकडे." पहिल्या उत्तरानं वेळ वाया जातो आणि दुसऱ्यानं माय खचते.

हा ऑटिझम असू शकतो. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. 1943 साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा 11 मुलांबद्दल सविस्तर लिहिलं. पुढं कित्येक वर्षं मोठमोठे डॉक्टरही म्हणत, आईनं माया लावली नाही म्हणून मूल असं झालं. 1964 साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं पुस्तक लिहून हे खोडून काढलं. त्यांच्या स्वतःच्या मुलालाही ऑटिझम होता. कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे, आईच्या मायेत नाही, असं त्यांनी मांडलं.

पण ही मुलं वेगळी वागतात ती का? हे शोधण्यात जर्मनीत जन्मलेल्या उटा फ्रिथ यांनी लंडनमध्ये सारी उमेद घालवली. त्या मानसशास्त्रज्ञ. 1985 साली सायमन बॅरन-कोहेन आणि अॅलन लेस्ली यांच्यासोबत त्यांनी एक साधा प्रयोग छापला. दोन बाहुल्या, सॅली आणि अॅन. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्या मागं अॅन ती काढून डब्यात लपवते. सॅली परत आली, तर गोटी आधी कुठं शोधेल?

आपण म्हणू, टोपलीत. तिला बिचारीला काय माहीत! पण ऑटिझम असलेल्या 20 मुलांपैकी 16 जणांनी डबा दाखवला. डाऊन सिंड्रोमच्या 14 मुलांपैकी 12 जणांनी मात्र बरोबर टोपली दाखवली, आणि बुद्धीच्या चाचणीत तर ती ऑटिझमच्या मुलांपेक्षा मागं होती. म्हणजे प्रश्न हुशारीचा नव्हता. दुसऱ्याला काय ठाऊक आहे, काय नाही, याचा अंदाज बांधणं या मुलांना जड जातं.

याचा अर्थ त्यांना माया नसते, असा मुळीच नाही. त्यांना आडून बोललेलं कळत नाही, एवढंच. "किती उशीर झाला बघ" म्हणाल, तर लेकरू जागचं हलणार नाही. "चप्पल घाल" म्हणा. अशा काही मुलांना मोठा आवाजही सोसत नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आपल्या अकोल्यात राजराजेश्वराच्या कावडी निघतात. त्या ढोलताशात कान झाकून रडणारं लेकरू हट्टी आहे, असं लगेच म्हणू नका.

आता आपल्याकडचं पाहू. तमारा डेली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं भारतातल्या चार शहरांतल्या 95 कुटुंबांचा अभ्यास केला. तो 2004 साली छापून आला. "मूल कोणात मिसळत नाही" हे अनेक आईवडिलांच्या आधी लक्षात आलं होतं. म्हणजे मायबापाची नजर बरोबर असते. बोलणं येईल म्हणून वाट पाहत बसू नका.

वर्षाचं लेकरू नावानं हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षाचं होऊनही बोटानं चंद्र, कुत्रा दाखवत नाही, आलेले शब्द विसरतं, तर अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांना दाखवा. कान तपासून घ्या, कारण ऐकू न येणारं मूलही वळत नाही. आपल्या देशात ऑटिझम मोजायला 40 मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळं प्रमाणपत्र मिळतं.

ऑटिझम मुळातून घालवणारं औषध नाही. तसं आश्वासन देऊन पैसे मागणाऱ्यापासून जपा. पण खेळातून, चित्रांतून, रोजच्या ठरलेल्या कामांतून शिकवायला जितकी लवकर सुरुवात कराल, तितकं लेकराचं जगणं सोपं होतं.

आणि शेजारच्या, नात्यातल्या बायांनो, अशी माय भेटली तर तिला "तू काय चुकलीस?" असं विचारू नका. "दवाखान्यात मी येऊ का सोबत?" असं विचारा.