स्कॅनरचा कोड आणि नवा सेन्सर

गाडी सुरू झाली नाही की पहिला संशय बॅटरीवर जातो आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला की सेन्सरवर. हे संशय पुष्कळदा खरे ठरतात, आणि तिथेच घोटाळा होतो: मग तपासायचे कष्ट कोणी घेत नाही, थेट सुटा भाग बदलला जातो. किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक होऊन डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर स्टार्टरला पुरेसा करंट पोचत नाही एवढेच कळते. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट थरही हेच करतो, आणि तो घासून काढायला नवी बॅटरी लागत नाही. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी मल्टिमीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू झाल्यावर हा आकडा बहुतेक गाड्यांत 14 च्या जवळपास चढतो. तो चढला नाही तर संशय अल्टरनेटरवर घ्यावा, नाहीतर नवी बॅटरीही लवकरच बसेल. स्टार्टर जोमाने फिरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर पेट्रोल, ठिणगी किंवा इमोबिलायझरकडे वळावे.

स्कॅनर असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. भारतात 2013 पासून नव्या मोटारींना ओबीडी-2 ही बिघाड टिपणारी यंत्रणा बंधनकारक आहे. सॉकेटला स्कॅनर जोडला की कोड हातात येतो. पण ही यंत्रणा मुळात धुरावर नजर ठेवायला आली. पी0171 या कोडचा अर्थ इतकाच, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. ते ऑक्सिजन सेन्सरने टिपले म्हणून त्यालाच बदलणे म्हणजे निरोप्याला फटके देणे. दोष इनटेकच्या चिरलेल्या रबरी पाइपात असू शकतो, हवा मोजणाऱ्या मळलेल्या सेन्सरमध्ये किंवा थकलेल्या पेट्रोल पंपातही.

गिऱ्हाईक तपासणीचे पैसे देत नाही, ही गॅरेजवाल्यांची तक्रार मात्र रास्त आहे. बिलात तपासणीचे पाचशे दिसले की आपण घासाघीस करतो आणि धडधाकट सेन्सर बदलल्याचे हजारो रुपये मुकाट मोजतो. अर्थात प्रत्येक दिव्यापुढे विचार करत बसायचे नसते. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करावे. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर सिलिंडरमधले न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकते. तो स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर गॅरेज गाठण्याइतका वेळ असतो. तिथे कोड पुसण्याआधी ‘फ्रीझ फ्रेम’ वाचायला सांगावे. बिघाडाच्या क्षणीचे इंजिनाचे फेरे, तापमान, गाडीचा वेग त्यात नोंदलेले असतात, आणि कोडबरोबर ही नोंदही पुसली जाते.