इंग्लंडमधील चर्चच्या प्राथमिक शाळा आणि धर्मविषयाचे अध्यापन

प्रस्तुत लेखात चर्च ऑफ इंग्लंडच्या प्राथमिक शाळांमध्ये धर्म हा विषय कसा शिकविला जातो, याचा विचार केला आहे. इंग्लंडमधील सुमारे एक चतुर्थांश प्राथमिक शाळा या चर्चच्या आहेत. अनेक खेड्यांत दुसरी शाळा नसल्यामुळे तेथे अन्यधर्मीय आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या घरांतील मुलेही शिकतात. शाळा चर्चची, खर्च मुख्यतः शासनाचा आणि विद्यार्थी सर्व प्रकारचे, अशी ही स्थिती आहे.

या शाळांचे मूळ १८११ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीच्या कार्यात आहे. गरिबांच्या मुलांना अँग्लिकन तत्त्वांनुसार शिक्षण देणे हा तिचा उद्देश होता. १९४४ च्या शिक्षण कायद्याने अशा शाळांचे दोन प्रमुख वर्ग केले. ‘व्हॉलंटरी कंट्रोल्ड’ शाळेत सामान्यतः स्थानिक पातळीवर संमत झालेला अभ्यासक्रम चालतो. तो ठरविणाऱ्या परिषदेत चर्च, अन्य पंथ व धर्म, शिक्षक संघटना आणि स्थानिक प्राधिकरण यांचे प्रतिनिधी असतात. ‘व्हॉलंटरी एडेड’ शाळेत मात्र हा विषय शाळेच्या विश्वस्तलेखास अनुसरून शिकविला जातो. त्याची तपासणीही सरकारी निरीक्षक करीत नाही. त्यासाठी संचालक मंडळ स्वतंत्र निरीक्षक नेमते.

१९८८ च्या कायद्याने या विषयाच्या नावातील ‘इन्स्ट्रक्शन’ या शब्दाची जागा ‘एज्युकेशन’ने घेतली. मराठीत दोहोंस ‘धर्मशिक्षण’च म्हणतात, त्यामुळे हा भेद सहज निसटतो. आपल्याकडे कोठारी आयोगाने (१९६४–६६) धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण असा जो फरक केला, तो येथे उपयोगी पडतो.

वर्गात हा फरक एका वाक्यावर येऊन ठेपतो. ईस्टरचा पाठ चालू असताना शिक्षिका ‘येशूचे पुनरुत्थान झाले’ असे म्हणते, की ‘येशूचे पुनरुत्थान झाले, असे ख्रिस्ती लोक मानतात’ असे? पहिले वाक्य उपासनेत स्वाभाविक आहे. कायद्याने दैनंदिन सामुदायिक उपासना आणि हा विषय वेगळे ठेवले आहेत. परंतु प्राथमिक शाळेत बहुधा गणित शिकविणारी वर्गशिक्षिकाच हा विषयही शिकविते आणि उपासनेलाही मुलांबरोबर असते. सहा वर्षांच्या मुलाला तिच्या या दोन भूमिका वेगळ्या कशा दिसाव्यात? मुस्लिम घरातील मूल येशूला पैगंबर म्हणून ओळखत असते. पहिल्या वाक्याने त्याच्या घरची शिकवण खोटी ठरते. दुसरे वाक्य श्रद्धाळू ख्रिस्ती घरातील मुलाला परके वाटू शकते. प्रस्तुत लेखकास दुसरेच वाक्य योग्य वाटते. मात्र ते थंडपणे उच्चारून भागत नाही. श्रद्धावंतांच्या जीवनात त्या श्रद्धेमुळे काय घडते, हे मुलांपुढे यावे लागते.

पालकांना या तासापासून पाल्यास वगळण्याचा हक्क आहे. तो बजावला, तर मूल वेगळ्या ठिकाणी बसते आणि आपल्याच सोबत्यांच्या सणाविषयी वर्गात काय बोलले गेले, हे त्याला कळत नाही.