गोठवलेलं रक्त आणि दात्याची संमती

रक्ताची नळी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवली की तांबड्या पेशींवर पांढऱ्या पेशींचा पातळसा थर बसतो. डीएनए त्यातूनच मिळतो आणि गोठवून ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून एका कामासाठी दिलेलं रक्त दुसऱ्याच कामी लावता येतं. अमेरिकेतल्या हवासुपाई आदिवासींनी १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला रक्त दिलं ते मधुमेहाच्या अभ्यासासाठी, असं त्यांना वाटत होतं. त्यावर स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराचाही अभ्यास झाला. हा विश्वासघातच होता. २०१० मध्ये सात लाख डॉलरची तडजोड झाली, उरलेले नमुने परत मिळाले. दर वेळी विचारत बसलं तर संशोधन अडेल, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या नमुना-संग्रहाने पाच लाख जणांची पुढच्या संशोधनासाठीची व्यापक संमती आधीच, स्पष्ट सांगून घेतली. तिथे माघार घेणाऱ्याला आपला नमुना नष्ट करायलाही सांगता येतं.