कात्रीचें नांव आणि आयात-जकात

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं शेती आहे, आणि कांहींच्या घरीं भाता व ऐरण आहे. श्रीरामपूरच्या बाजारपेठेंत लोखंडी सामानाच्या दुकानापुढें उभें राहिलें असतां या दोन्ही घरांची ओळख पटते. एका बाजूस गांवच्या लोहारानें घडविलेले कोयते, विळे व कुऱ्हाडी टांगलेल्या असतात. दुसऱ्या बाजूस पुठ्ठ्याच्या खोक्यांत घातलेल्या परदेशी कात्र्या, पकडी व पाने मांडलेले असतात. पहिला माल जवळच्या भट्टींतून येतो. दुसरा समुद्र ओलांडून बहुधा न्हावा-शेवा बंदरांत उतरतो आणि मग येथवर येतो.

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळीं दोन पालक आमच्याजवळ बसले होते. एकाची डाळिंबाची बाग, दुसऱ्याचा धंदा लोहारकामाचा; दोघांचे मुलगे एकाच बाकावर बसणारे. बागाईतदार म्हणाले, "गांवच्या कात्रीनें डाळिंबाची फांदी चिरडते, भाऊ. परदेशी कात्री घ्यावी तर सरकार तिच्यावर जकात लावून बसलें आहे." त्यावर दुसरे शांतपणें म्हणाले, "ती जकात थोडी आहे, पाटील. थोडी आहे म्हणूनच माझी ऐरण दुपारीं थंड पडते." मग दोघेही आमच्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा, खरें कोणाचें?" त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें द्यावें, आणि आमच्या विद्यार्थ्यांनाही या विषयाची ओळख व्हावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम जकात म्हणजे काय तें पाहूं. परदेशांतून येणाऱ्या मालावर सरकार जो कर घेतें त्यास आयात-जकात किंवा सीमाशुल्क म्हणतात. तिचे हेतु दोन. एक, सरकारी खजिन्यांत भर घालणें. दुसरा, देशांतील कारागिरास परक्या मालाच्या चढाओढींत थोडा आडोसा देणें. हे दोन हेतु नेहमीं एका दिशेनें चालत नाहींत. १८९४ सालच्या कायद्यानें येथें शेंकडा पांच अशी सर्वसाधारण जकात बसली, ती मुख्यतः उत्पन्नाकरितां होती. पुढें १९२३ सालीं जकातमंडळ नेमलें गेलें आणि १९२४ सालीं पोलादाच्या धंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला. तेव्हांपासून आडोशाचा हेतु उघडपणें मान्य झाला. स्वातंत्र्यानंतर जकाती फार चढल्या. १९९१ सालीं कमाल दर शेंकडा १५० वर आणला गेला, आणि २००७ सालापर्यंत शेतमालाखेरीज इतर मालावरील सर्वसाधारण कमाल दर शेंकडा १० पर्यंत उतरला. हातानें चालविण्याचीं बहुतेक हत्यारें आज याच दहा टक्क्यांच्या पायरीवर आहेत.

आतां मुख्य मुद्दा. दर सांगण्यापूर्वीं वस्तूचें नांव ठरावें लागतें, आणि नांव ठरविणें हें दिसतें तितकें सोपें नाहीं. आपण मराठींत "कात्री" म्हणतों. पण डाळिंबाची फांदी छाटावयाची ती कात्री, पत्रा कापावयाची ती कात्री, आणि शिंपी कापड कापतो तीही कात्रीच. जपानी, जर्मन वा स्वीडिश माणूस आपापल्या भाषेंत आणखी कांहीं म्हणेल. मग बंदरावरील अधिकाऱ्यानें कोणाचा शब्द धरावा?

ही अडचण दूर करण्याकरितां राष्ट्रांनीं मिळून मालाची एक सर्वमान्य यादी केली आहे. तिचा करार १९८३ सालीं ब्रुसेल्स येथें झाला व ती १ जानेवारी १९८८ पासून अंमलांत आली. जगांतील सर्व व्यापारी माल तींत २१ विभागांत व ९७ प्रकरणांत वांटला आहे. पैकीं ७७ वें प्रकरण पुढील गरजेकरितां रिकामें ठेविलें आहे. प्रत्येक वस्तूस सहा आंकड्यांची खूण असते आणि ती सर्व सभासद देशांत सारखीच असते. आपल्या देशानें तिला आणखी दोन आंकडे जोडून आठ आंकड्यांची खूण केली आहे. आपली यादी १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत छापलेली असते. शाळेच्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या पाठीवर जसे विषयांचे आंकडे चिकटविलेले असतात, तसाच हा प्रकार समजावा.

हातहत्यारांचें प्रकरण ८२ वें. त्यांतील घरें आम्ही थोडक्यांत सांगतों. ८२०१ मध्यें शेती, बागाईत व जंगल यांचीं हत्यारें येतात: फावडें, कुदळ, टिकाव, दंताळें, कुऱ्हाड, विळा आणि छाटणीची कात्री. ऊसतोडीचा कोयताही याच घरांतला. ज्या कोयत्याच्या नांवानें आमच्याकडे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांची मोजदाद होते, त्यालाही जगाच्या यादींत जागा आहे, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. ८२०२ मध्यें करवती, ८२०३ मध्यें कानशी, पकडी, चिमटे व पत्रा कापण्याच्या कात्र्या, आणि ८२०४ मध्यें नट आवळण्याचे पाने येतात. हातोडा, रंधा, पटाशी, पेचकस, ऐरण हीं ८२०५ मध्यें येतात. ८२११ मध्यें सुऱ्या, तर ८२१३ मध्यें शिंप्याची व घरगुती कात्री येते.

म्हणजे एकाच शब्दाच्या तीन वस्तु तीन निरनिराळ्या घरीं जातात. आणि कात्रीच्या मुठींत विजेची मोटार बसविली कीं तीच छाटणीची कात्री ८२ वें प्रकरण सोडून ८४६७ या यंत्रांच्या घरीं जाते.

घर शोधण्याचे नियम ठरलेले आहेत. पहिला नियम असा कीं, प्रकरणाचा मथळा केवळ सोयीकरितां असतो. निर्णय घराच्या शब्दांवरून व सोबतच्या टिपांवरून करावयाचा. दुसरें असें कीं, दोन घरें लागूं पडत असलीं तर जेथें वस्तूचें वर्णन अधिक नेमकें असेल तें घर घ्यावें. ८२ व्या प्रकरणाची पहिली टीप तर सुताराच्या मुलास चटकन समजेल. ती म्हणते कीं, थोडे अपवाद सोडल्यास, हत्याराचें पातें, धार किंवा काम करणारा भाग लोखंड, तांबें यांसारख्या साध्या धातूचा, अथवा टिपेंत सांगितलेल्या दुसऱ्या कांहीं कठीण पदार्थांचा असला पाहिजे. दांडा लांकडी असला तरी हरकत नाहीं. परंतु सबंध लांकडाचा हातोडा या प्रकरणांत येत नाहीं. तो, आणि नुसता आलेला कुदळीचा लांकडी दांडा, हे दोन्ही ४४१७ या लांकडी हत्यारांच्या घरीं जातात. बैलाचा किंवा ट्रॅक्टरचा नांगर हा हातांत धरून चालविण्याचें हत्यार नव्हे. त्याचें घर ८४३२. पकड, पाना व हातोडा एकाच पेटींत घालून किरकोळ विक्रीस ठेविले तर त्या संचास ८२०६ हें स्वतंत्र घर आहे. पण तें ८२०२ ते ८२०५ या घरांतील हत्यारांच्या संचापुरतेंच आहे.

नांवाच्या या वादाचें एक जुनें उदाहरण अमेरिकेंतलें आहे. तेथें १८८३ च्या कायद्यानें भाजीवर शेंकडा १० जकात होती व फळें मोकळीं होतीं. न्यूयॉर्क बंदरांत टोमॅटो आणणाऱ्या व्यापाऱ्यांनीं म्हटलें कीं, वनस्पतिशास्त्राप्रमाणें टोमॅटो हें फळ आहे. १८९३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, लोक बोलण्यांत व जेवणांत त्यास भाजी समजतात, म्हणून जकातीपुरती ती भाजीच. वनस्पतिशास्त्राचा धडा येथें उपयोगी पडला नाहीं. स्वयंपाकघरांतील वहिवाट उपयोगी पडली.

आतां हिशेब करूं. वरच्या वर्गांतील मुलांनीं तो पाटीवर पडताळून पाहावा. समजा, एका व्यापाऱ्यानें विक्रीकरितां पत्रा कापण्याच्या कात्र्या मागविल्या आणि मालाची किंमत, विमा व जहाजाचें भाडें मिळून रक्कम १,००० रुपये झाली. मूळ जकात शेंकडा १०, म्हणजे १०० रुपये. त्या जकातीवर शेंकडा १० समाजकल्याण अधिभार, म्हणजे १० रुपये. हा अधिभार २०१८ सालापासून आहे. एकूण १,११० रुपये झाले. त्यावर एकात्मिक वस्तु व सेवा कर शेंकडा १८, म्हणजे १९९ रुपये ८० पैसे. सरकारास सर्व मिळून ३०९ रुपये ८० पैसे गेले.

तितक्याच किमतीच्या छाटणीच्या कात्र्या आणल्या तर? मूळ जकात व अधिभार मिळून ११० रुपये तसेच. पण ८२०१ मधील हातानें चालविण्याच्या शेतीच्या हत्यारांस वस्तु व सेवा कराची माफी आहे, म्हणून तिसरी रक्कम शून्य. तेव्हां एकाच किमतीच्या दोन कात्र्यांत १९९ रुपये ८० पैशांचें अंतर पडलें, तें केवळ घर निराळें म्हणून. विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास हा कर पुढील करांतून वजा मिळतो हें खरें. परंतु शेवटीं त्याचा भार गिऱ्हाइकावरच येतो. गंमत अशी कीं, २०१७ सालच्या माफीच्या अधिसूचनेंत "घमेलें वगळून" असे शब्द आहेत. आपल्या शेतांतलें घमेलें कायद्याच्या इंग्रजींत जसेंच्या तसें जाऊन बसलें आहे, आणि फावड्याची माफी त्यास मिळालेली नाहीं.

जेथें नांवांत पैसा आहे तेथें मोहही आहे. पत्र्याच्या कात्रीस छाटणीची कात्री म्हटलें कीं कर वांचतो. बंदरावर माल सोडवितांना जो आगमनपत्राचा कागद भरावा लागतो, त्यांत मजकूर खरा असल्याची घोषणा व्यापाऱ्यास करावी लागते. आणि २०११ सालापासून आपली जकात प्रथम आपणच आंकावयाची अशी रीत आहे. म्हणजे सरकारनें आधीं विश्वास टाकला आहे. तो मोडल्यास १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणें माल जप्त होऊं शकतो, आणि बुद्धिपुरस्सर खोटें लिहून जकात बुडविली असल्यास त्या जकातीइतका दंडही बसतो. ज्यास प्रामाणिक शंका असेल त्याला मुंबईस किंवा दिल्लीस अग्रिम निर्णयाच्या अधिकाऱ्याकडे माल आणण्यापूर्वीं विचारतां येतें. शंका आधीं विचारणारा आणि सांपडल्यावर "मला ठाऊक नव्हतें" म्हणणारा, यांतील अंतर आमच्या विद्यार्थ्यांस परीक्षेच्या दिवसांवरून चांगलें ठाऊक आहे.

आतां त्या दोन पालकांकडे वळूं. खरें कोणाचें? आमच्या मतें दोघांचेंही, पण निम्मेंनिम्मे. जकात वाढविली तर परदेशी कात्री महाग होईल; परंतु तेवढ्यानें गांवच्या कात्रीची धार सुधारणार नाहीं, आणि चिरडलेल्या फांदीचें नुकसान बागाईतदारासच सोसावें लागेल. उलट जकात अजिबात काढली तर शिकाऊ कारागिरास हात बसेपर्यंतचा अवधि मिळणार नाहीं. शिवाय लोहाराची अडचण केवळ परदेशी कात्रीची नाहीं. तो ज्या पोलादापासून हत्यार घडवितो त्यावरही जकात असते. २०२१ च्या अंदाजपत्रकांत अनेक प्रकारच्या पोलादावरील जकात शेंकडा ७॥ करण्यांत आली. कच्च्या मालावरील जकातीचा भार कारागिराच्या आडोशांतून वजा धरावा लागतो. तो दहा टक्के दिसतो, पण हातांत पडतो तो त्याहून कमी.

आडोसा हा शिकण्यापुरता असावा, कायमचा नसावा; आणि ज्यांनीं तो वेळ शिकण्यांत घालविला त्यांचीं उदाहरणें आपल्या प्रांतांतच आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केला तेव्हां शेतकरी त्याकडे संशयानें पाहत. पण नांगर टिकला, आणि १९१० सालीं त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. नाशिक येथें तापडिया कारखान्यानें १९६९ सालापासून स्वीडिश तंत्रज्ञांच्या सहकार्यानें पकडी व पाने करावयास आरंभ केला. आज त्या पकडी खेड्यांतील वायरमनच्या खिशांतही दिसतात. या लोकांनीं परदेशी हत्याराचा राग केला नाहीं. तें उघडून पाहिलें, त्याचें पोलाद, त्याचें पाणी व त्याचा कोन यांचा अभ्यास केला.

म्हणून आमची त्या दोन बाकमित्रांस एक सूचना आहे. एकानें बागेंतली परदेशी कात्री शाळेंत आणावी, दुसऱ्यानें वडिलांनीं घडविलेली आणावी. दोहोंचीं पातीं एकाच हिरव्या फांदीवर चालवून पाहावीं, आणि कोणती कोठें चिरडते तें वहींत लिहावें. परदेशी कात्रीच्या वेष्टनावर आयात करणाऱ्याचें नांव व पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत छापलेली असणें कायद्यानें बंधनकारक आहे, तीही वाचावी. पालकांनीं खरेदीच्या वेळीं तेवढें पाहिलें तरी बनावट मालापासून पुष्कळ बचाव होईल. दर मात्र दरवर्षीं फेब्रुवारींतील अंदाजपत्रकांत बदलूं शकतात, हें ध्यानांत असूं द्यावें.

ती वही आम्ही दोन्ही वडिलांस पुढील संमेलनांत दाखविणार आहोंत. जकात किती असावी हें दिल्लीस ठरेल. फांदी कां चिरडते, हें मात्र येथेंच शोधून काढतां येईल.