स्वादुपिंडाचा कर्करोग : गाठीतील प्रतिकारक पेशी आणि रुग्णाचे भवितव्य

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर असलेले स्वादुपिंड हे पाचक रस व इन्सुलिन निर्माण करणारे इंद्रिय होय. त्याचा कर्करोग बहुधा उशिरा लक्षात येतो. निदान होते त्या वेळी जेमतेम १५ ते २० टक्के रुग्णांची गाठ शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगी असते. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्केच आहे. तथापि, गाठीचा आकार व रोगाचा टप्पा सारखा असूनही एक रुग्ण वर्षभरात दगावतो आणि दुसरा अनेक वर्षे जगतो, असेही घडते. या तफावतीचे उत्तर काही अंशी गाठीत शिरलेल्या प्रतिकारक पेशींत सापडते.

ही गाठ म्हणजे निव्वळ कर्कपेशींचा गोळा नव्हे. तिचा बराच मोठा भाग घट्ट तंतुमय ऊतींचा असतो. या ऊती रक्तवाहिन्या दाबून टाकतात. त्यामुळे औषध आणि प्रतिकारक पेशी या दोहोंनाही आत शिरणे कठीण जाते. सीडी-८ खूण असलेल्या मारक टी पेशी कर्कपेशींना थेट नष्ट करू शकतात. शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठीत त्या विपुल असतील, तर रुग्ण अधिक काळ जगतो असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. उलट, नियामक टी पेशी या प्रतिकाराला आवर घालतात. शरीर स्वतःवरच हल्ला करू नये यासाठी निसर्गाने योजलेली ही व्यवस्था असून, तिच्या शोधाबद्दल २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले. कर्करोग याच व्यवस्थेचा आडोसा घेतो. काही भक्षक पेशीही गाठीच्या बाजूला वळतात आणि तिच्या वाढीस हातभार लावतात.

केवळ संख्या मोजून भागत नाही, हा मुद्दा अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावा. मारक पेशी तंतूंच्या कुंपणाबाहेर अडकल्या असतील, तर त्यांचा उपयोग थोडा. त्या कर्कपेशींच्या निकट असतील, तर भवितव्य बरे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात अशा मोजणीचे महत्त्व फ्रान्सचे जेरोम गॅलाँ व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. स्वादुपिंडाबाबत मात्र ही मोजणी अद्याप नेहमीच्या उपचारनिर्णयाचा भाग झालेली नाही.

प्रतिकारशक्तीवरील ‘ब्रेक’ दूर करणाऱ्या औषधांमागील संशोधनासाठी २०१८ मध्ये जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. फुप्फुस व त्वचेच्या काही कर्करोगांत ही औषधे प्रभावी ठरली. स्वादुपिंडात ती एरवी निष्प्रभ ठरतात. जिथे मारक पेशी मुळातच विरळ, तिथे ब्रेक काढून काय साधणार? जनुकदुरुस्तीतील विशिष्ट दोष असलेले जेमतेम एक टक्का रुग्ण याला अपवाद आहेत. न्यूयॉर्कमधील विनोद बालचंद्रन यांच्या गटाने म्हणून निराळी वाट धरली. शस्त्रक्रिया झालेल्या १६ रुग्णांना त्यांच्याच गाठीवरून बनविलेली एमआरएनए लस अन्य उपचारांसोबत देण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आठ जणांत नव्या टी पेशी तयार झाल्या आणि त्यांच्यात रोग उलटणे लांबले. सोळा ही संख्या फार लहान आहे. आशेपलीकडे आज काही म्हणणे घाईचे होईल.

या साऱ्या विज्ञानाचा कच्चा माल म्हणजे काढलेली गाठ. सुईने घेतलेल्या नमुन्यात मोजक्याच पेशी येतात. त्यातून संपूर्ण चित्र उभे राहत नाही. म्हणूनच रायपूरसारख्या ठिकाणी खरा प्रश्न प्रयोगशाळेच्या अगोदर सुरू होतो. शहरात पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आंबेडकर रुग्णालयात विभागीय कर्करोग केंद्र आहे आणि २०१२ पासून एम्सही आहे. परंतु बस्तरमधील जगदलपूरहून येथे यायचे, तर सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. स्वादुपिंडाच्या शीर्षभागातील गाठ पित्तनलिका दाबते, त्यामुळे वेदनारहित कावीळ होते. गावोगावी अशी कावीळ ‘उतरवून’ घेण्यात आठवडे जातात आणि शस्त्रक्रियेची वेळ टळते. पन्नाशीनंतर अचानक जडलेला मधुमेह व घटणारे वजन यांकडेही काणाडोळा होतो.

प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने २०१८ पासून पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण दिले आहे. उशिरा पोहोचलेल्या रुग्णाला मात्र त्या रकमेतून आयुष्याचे महिने फारसे विकत घेता येत नाहीत, तर प्रवास व बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच पडतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर येथे पहिल्या रुपयाचा सर्वाधिक परतावा महागड्या औषधात नसून प्राथमिक आरोग्य केंद्रातील वेळीच केलेल्या सोनोग्राफीच्या शिफारशीत आहे. दुसरा रुपया विकृतिशास्त्र विभागासाठी राखावा. तपासलेल्या गाठीचे मेणातील ठोकळे पिशवीत घालून नातेवाईक मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे निघतात, हे दृश्य मध्य भारतात नवे नाही. हे ठोकळे स्थानिक पातळीवर नीट जतन झाले आणि रुग्ण किती काळ जगला याची नोंद दूरध्वनीवरून का होईना ठेवली गेली, तर छत्तीसगडच्या रुग्णांमध्ये कोणत्या पेशी कोणते भवितव्य दर्शवितात, हे येथेच तपासता येईल. त्यासाठी एक कपाट, एक नोंदवही आणि तिची जबाबदारी असलेला एक कर्मचारी एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.