बाळ रडलं का?

कळंबच्या आसपासच्या गावांत बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसलेल्या बाया पहिला प्रश्न हाच विचारतात. मुलगा की मुलगी, ते नंतर. मूल रडले म्हणजे श्वास लागला, आणि श्वास लागला की बाकीचे सगळे पुढे बघता येते. न रडलेल्या मुलासाठी जुन्या सुइणी जे जमेल ते करत. पाठीवर थापट्या मारत, गार पाणी शिंपडत, कांदा फोडून नाकाशी धरत, नाळ न कापता वार शेकत. त्या उपायांना हसणाऱ्यांचा मला राग येतो. त्या बाईजवळ तेव्हा दुसरे काहीच नव्हते, आणि तरीही ती हात बांधून बसत नव्हती.

जन्मानंतरच्या या पहिल्या मिनिटाने मला अनेक वर्षे धरून ठेवले आहे. त्यावर कोणी काय मोजले, कोणी कोणाला काय शिकवले आणि शिकवलेले किती टिकले, हे मिळेल तिथून वाचत आलो. आमचे गाव यवतमाळ-नागपूर रस्त्यावरचे. रुग्ण गंभीर झाला की गाडी यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे वळते, नाहीतर वर्ध्याच्या बाजूने सेवाग्रामकडे. साप चावलेला, फवारणीत विष चढलेला, अपघातात सापडलेला माणूस या रस्त्यावर वाचू शकतो. श्वास न घेणाऱ्या नवजाताला मात्र कुठलाच रस्ता उपयोगाचा नाही. त्याच्याजवळ काही मिनिटे असतात, आणि त्या मिनिटांत जे हात खोलीत हजर असतील तेच त्याचे इस्पितळ.

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ साली नवजाताला गुण देण्याची पद्धत मांडली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, डिवचल्यावरचा प्रतिसाद आणि रंग अशी पाच लक्षणे, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. ती जगभर पसरली हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र या बाळाकडे आत्ता लक्ष द्यायला हवे की नको, एवढेच सांगण्यासाठी ती निघाली होती. पुढे लोक त्याच आकड्यावरून मुलाच्या मेंदूचे भविष्य वर्तवू लागले, आणि एकेका बाळापुरते ते वर्तवता येत नाही, असे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. भाकीत करण्याचा मोह वैद्यकात फार जुना आहे. भाकिताला जोडून कृती नसेल तर त्याचा आईला काय उपयोग, हा प्रश्न मात्र कमी विचारला जातो.

तो सर्वांत नेटाने विचारला गेला गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेची कहाणी मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. ३९ गावांत गावातल्याच बायका घरोघरी जाऊन नवजातांची काळजी घेणाऱ्या ‘आरोग्यदूत’ झाल्या, शेजारची ४७ गावे तुलनेसाठी ठेवली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ३९ गावांत हजारी २५.५ तर तुलनेच्या गावांत ५९.६ होता. डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झाले. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, हा आक्षेप आला. कमी शिकलेल्या बाईने तान्ह्या बाळाला जेंटामायसिनची सुई द्यावी का, यावरही बालरोगतज्ज्ञांत वाद झाला. पहिला आक्षेप शास्त्राचा आहे आणि त्याला वजन आहे. दुसऱ्याचे उत्तर याच प्रकल्पाच्या १९९५-९६ च्या नोंदींत आहे. त्या वर्षी आरोग्यदूतांनी मुख्यतः निरीक्षण केले. निम्म्याहून अधिक नवजातांना उपचारांची गरज होती आणि मिळाले ते शंभरातल्या जेमतेम तिघांना. मग बाईऐवजी डॉक्टरने सुई द्यावी असे म्हणायला अर्थ कुठे उरतो? तिथे डॉक्टर नव्हताच.

मला खरे गुंतवले ते मात्र ‘लॅन्सेट’च्या लेखाने नव्हे. मार्च २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी’ची एक पुरवणी निघाली. सबंध पुरवणी गडचिरोलीच्या याच कामावर. त्यात घरच्या बाळंतपणातल्या श्वासरोधावर एक लेख आहे, आणि मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा परतत आलो आहे. त्यात एकाच मुलखातल्या वेगवेगळ्या कालखंडांची आणि श्वास देण्याच्या तीन पद्धतींची तुलना आहे. १९९३ ते ९५ मध्ये प्रशिक्षित दाया तोंडाने तोंडात श्वास देत. १९९५-९६ निरीक्षणाचे. १९९६ ते ९९ मध्ये दाईच्या जोडीला आरोग्यदूत आली आणि तिच्या हाती मुखवट्याला जोडलेली नळी आली. मुखवटा बाळाच्या नाकातोंडावर बसवायचा आणि नळीतून आपण फुंकायचे. १९९९ ते २००३ मध्ये नळीच्या जागी पिशवी आली. ती दाबली की हवा बाळाच्या छातीत जाते आणि सोडली की आपोआप पुन्हा भरते. अशी पिशवी डेन्मार्कमध्ये १९५६ साली निघाली होती. गडचिरोलीतल्या घरात, जमिनीवर मांडलेल्या बाळंतपणात पोचायला तिला चार दशकांहून अधिक काळ लागला.

पाच लक्षणांचे गुण घरात देता येणार नव्हते, म्हणून संशोधकांनी व्याख्या सोप्या केल्या. एका मिनिटाला रडणे नाही, किंवा श्वास नाही, मंद आहे, क्षीण आहे, आचके देतो आहे, तर सौम्य श्वासरोध. पाचव्या मिनिटालाही श्वासाची तीच गत असेल तर तीव्र. म्हणजे बाहेर बसलेल्या बायांचाच प्रश्न, फक्त घड्याळ लावून विचारलेला.

निकाल वाचताना मला आकड्यांपेक्षा त्यांच्या मांडणीतला प्रामाणिकपणा भिडला. १९९६ ते २००३ या वर्षांत घरी ५,०३३ बाळंतपणे झाली आणि त्यांतल्या ८४ टक्के वेळा आरोग्यदूत हजर होती. सौम्य श्वासरोधाचे प्रमाण शंभरी १४ वरून ६ वर आले. तीव्र श्वासरोधाचे प्रमाण मात्र फारसे हलले नाही, आणि लेखकांनी ते तसेच लिहिले आहे. तीव्र श्वासरोध झालेल्या बाळांपैकी आधी शंभरात ३९ दगावत, नंतर २०. हा फरक डोळ्यांत भरणारा असला तरी बाळांची संख्या थोडी, त्यामुळे संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीला तो थोडक्यासाठी उतरत नाही. श्वासरोधाने होणारा एकूण मृत्युदर ६५ टक्क्यांनी घटला, तो कसोटीला उतरतो. दायांच्या तोंडाने श्वास देण्याने तो फक्त १२ टक्के घटला होता. नळीपेक्षा पिशवी आणखी चांगली दिसली, पण तोही फरक निर्विवाद नाही, म्हणून लेखकांनी पिशवी श्रेष्ठ ‘असावी’ एवढेच म्हटले. एक मृत्यू टाळायला पिशवी-मुखवट्याचा खर्च आला १३ डॉलर. त्याहून मोठ्या रकमेची यंत्रे प्लास्टिकच्या आवरणासकट धूळ खात पडलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या आकड्याचे मोल कळेल.

त्याच लेखात आणखी एक ओळ आहे, तिच्यावर आपल्याकडे पुरेशी चर्चा झाली नाही. कळा वाढाव्यात म्हणून अप्रशिक्षित डॉक्टरांनी दिलेल्या सुईचा हिशेब. ज्यांना ती दिली गेली त्यांच्यात तीव्र श्वासरोध किंवा मृतजन्माची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. बाळंतपण लवकर उरकावे म्हणून घरातलेच कोणीतरी धावत जाऊन त्या डॉक्टरला आणते, आणि नंतर देवाची मर्जी म्हणून गप्प बसते. सुई देणारा नामानिराळा राहतो, श्वास लावायला धडपडणारी दाई अडाणी ठरते. हा अन्याय आहे.

भाकिताचा दुसरा प्रयोगही गडचिरोलीतलाच, आणि मला तो अपगारपेक्षा मोलाचा वाटतो. नवजाताच्या अंगात जंतुसंसर्ग भिनतो आहे हे रक्ततपासणीशिवाय कसे ओळखायचे? १९९६ ते ९९ या काळातल्या साडेतीन हजारांवर बाळांच्या नोंदींतून सात खुणा निघाल्या. दूध ओढणे कमी किंवा बंद, रडणे क्षीण किंवा बंद, हातपाय लुळे, उलटी किंवा पोट फुगणे, अंग थंड लागते असे आईचे सांगणे, छाती खोल आत ओढली जाणे, बेंबी पिकणे. यांतल्या कुठल्याही दोन एकाच वेळी दिसल्या की उपचार सुरू. संसर्गाने दगावलेले एकही बाळ या जाळ्यातून निसटले नाही, आणि खुणा मृत्यूच्या सरासरी ५.४ दिवस आधी दिसल्या. उपचाराला तेवढा अवधी पुरतो. याची किंमतही होती. खुणा दिसलेल्या चार बाळांतले साधारण एकच खरोखर मरणाच्या वाटेवर होते, म्हणजे तिघांना उपचार जास्तीचा झाला. माझ्या मते हा सौदा योग्यच. दहाएक टक्के बाळांकडे अधिक लक्ष द्यायचे आणि एकही सुटू द्यायचे नाही, असा निर्णय डोळसपणे घेतला गेला. ‘आई सांगते’ हे शास्त्रीय कसोटीत नोंदले गेले, याचा मला विशेष आनंद आहे. दवाखान्यात आईचे बोलणे अनेकदा मध्येच तोडले जाते. इथे ते सातांतले एक लक्षण ठरले.

घरभेटी आणि खुणा ओळखणे हा भाग २०११ पासून आशाताईंच्या कामातून देशभर गेला. श्वास देण्याचे कौशल्य मात्र मुख्यतः प्रसूतिकक्षातल्या परिचारिकांकडे गेले, कारण बाळंतपणेच दवाखान्यात गेली. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणे संस्थांत झालेली आढळली. मग प्रश्न सुटला, असे वाटू शकते. तसे नाही, हे सांगणारा पुरावा आमच्या अगदी जवळून आला.

‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ नावाचा प्रशिक्षणक्रम २०१० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने काढला. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटाच्या आत बाळाचा श्वास सुरू व्हावा किंवा त्याला पिशवीने श्वास मिळू लागावा, हे त्याचे सूत्र. त्यासाठी नॉर्वेच्या लेअर्डाल कंपनीने एक बाहुली केली. तिच्यात कोमट पाणी भरले की ती तान्ह्या बाळासारखी जड लागते, आणि मुखवटा नीट बसला तरच तिची छाती वर येते. ही कंपनी मुळात खेळणी करणारी होती. नागपूर, बेळगाव आणि केनिया इथे या प्रशिक्षणाची परीक्षा झाली. २०१६ साली त्यावरचे लेख आले. त्यांतल्या एकाचे पहिले लेखक तेव्हा सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले बालरोगतज्ज्ञ डॉ. आकाश बंग, सोबत नागपूरच्या डॉ. अर्चना पटेल आणि इतर. प्रश्न साधा होता. शिकवलेले पुढे किती उरते?

उत्तर अस्वस्थ करणारे आहे. प्रशिक्षणानंतर लगेच ज्ञान आणि कौशल्य दोन्ही वाढले. काही महिन्यांनी उजळणीच्या वेळी तपासले तेव्हा ज्ञान बरेचसे टिकून होते, हातातले कौशल्य मात्र उतरले होते, आणि सर्वांत जास्त उतरली होती पिशवी-मुखवट्याने श्वास देण्याची हातोटी. म्हणजे ज्या एका कृतीवर बाळाचा जीव अवलंबून, नेमकी तीच आधी जाते. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या लेखात या प्रशिक्षणानंतर दीड किलोच्या वरच्या बाळांच्या एकूण मृत्युदरात अपेक्षित घट दिसली नाही. हे निष्कर्ष न लपवता छापले गेले, म्हणून माझा या लोकांवर विश्वास आहे.

आता गडचिरोलीचा आणि हा असे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून मी एक हिशेब केला. ५,०३३ बाळंतपणे, ३९ गावे, सात वर्षे. म्हणजे एका गावात वर्षाला अठरा-एकोणीस. तीव्र श्वासरोध शंभरात सुमारे पाच धरला तर एका आरोग्यदूताला असे बाळ वर्षातून जेमतेम एकदा दिसणार. काही महिन्यांत हातोटी उतरत असेल, तर गडचिरोलीत ती कशी टिकली? माझा तर्क असा की, ती बाई पिशवी वापरत नसली तरी तिच्या कामापासून कधी दूर जात नव्हती. जवळजवळ प्रत्येक बाळंतपणाला ती हजर होती, दर वेळी घड्याळ लावून श्वास बघत होती, नोंद लिहीत होती, आणि ती नोंद तपासायला पर्यवेक्षक गावात येत होते. प्रशिक्षण तिच्यासाठी एकदाचे शिबिर नव्हते.

प्रसूतिकक्षातल्या परिचारिकेचा हिशेब फारसा वेगळा नाही. महिन्याला पंधरा-वीस बाळंतपणे होणाऱ्या केंद्रात पिशवी लागेल असे बाळ महिन्यातून एखादे, आणि ते चार जणींच्या पाळ्यांत वाटले जाणार. प्रत्येकीच्या वाट्याला वर्षातून दोन-तीन. बाहुली भांडारातल्या कपाटात असेल आणि किल्ली पाळी संपवून गेलेल्या कोणाकडे असेल, तर मिळालेल्या प्रमाणपत्राचा त्या रात्री उपयोग नाही. बाहुली प्रसूतिकक्षातच, बाळ ठेवण्याच्या टेबलाजवळ असावी. पाळी बदलताना येणारीने आणि जाणारीने तिच्यावर मुखवटा बसवून छाती उचलून दाखवावी. नोंदवहीत बाळाच्या वजनाशेजारी आणखी एक रकाना असावा, पहिला श्वास कितव्या मिनिटाला लागला, आणि पिशवी लागली असेल तर ती कोणी धरली. तो रकाना महिन्याच्या महिन्याला वाचणारा कोणी तालुक्याला नेमला, तर गडचिरोलीत जे ३९ गावांत मोजले गेले ते कळंबच्या ग्रामीण रुग्णालयातही मोजता येईल.